मागचा वॉर्ड

सिस्टरबाई कबरस्थानात मोठ्यानं बोलायच्या आणि रस्त्यावर आल्या की कुजबुजायच्या. बाकी जगाची रीत नेमकी उलटी. तिथल्या लोखंडी फाटकातून आत पाऊल टाकलं की भल्याभल्यांचा आवाज बसतो. मोबाईलवर तावातावानं भांडणारा माणूससुद्धा 'नंतर करतो' म्हणून फोन खिशात टाकतो. सिस्टरबाईंना मात्र आत गेल्यावर कंठ फुटायचा. छत्रीचं टोक फरशीवर आपटत त्या पहिल्या रांगेत इंग्रजांच्या काळात पुरलेल्या गोऱ्या कॅप्टनला 'काय साहेब, आज बरं आहे ना' असं विचारायच्या. त्याच्या शेजारणीच्या कबरीवर पालापाचोळा साचलेला दिसला की 'काय ही अवस्था करून घेतलीय' म्हणून तिलाच झापायच्या. परत निघताना फाटकाची कडी लावली रे लावली की आवाज एकदम खाली. मग चपला हातात घेऊन, भिंतीला अगदी खेटून, त्या रस्त्याच्या कडेकडेनं अनवाणी चालायच्या. मी काही विचारलं तर ओठांवर बोट ठेवायच्या. म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो, त्यातलंच हे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, धर्मातल्या नव्हत्या, गल्लीतल्याही नव्हत्या. आम्ही सावेडीतली बौद्ध माणसं, वडील नागापूरला एमआयडीसीत कामाला. त्या नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. शहरात मिशनचा एक दवाखाना होता, तो बंद पडूनही आता जमाना झाला. तिथल्या बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टरबाईंची हयात गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर 'नाईट ड्युटी होती' एवढंच उत्तर. रिटायर झाल्यावरही अंगावर पांढरी सुती साडी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ आणि समोरच्याची जीभ बघायची सवय. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांनी एका नवऱ्या मुलाला 'आ कर' म्हटल्याचं मी पाहिलं आहे. अशी एखादी सिस्टरबाई तुमच्याही गावात असेल, आणि कदाचित तुमची नाळ तिनंच कापली असेल.

नगरला कबरींचं काही नवल नाही. आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडी अजून नगरच. नाव कुठलंही घ्या, हे शहर जितकं जमिनीवर आहे तितकंच जमिनीखाली आहे. ज्वारीच्या रानात मध्येच एखादा घुमट उभा असतो, दुकानांच्या रांगेमागं दुसरा असतो, आणि कुणाच्या तरी गोठ्याची भिंत निजामशाहीतली निघते. पाहुणे आले की आम्ही त्यांना डोंगरावरचा चांदबीबी महाल दाखवायला नेतो, आणि वर गेल्यावर सांगतो की हा महाल नाही, आत एका सरदाराची कबर आहे. मग तिथंच डबे उघडून जेवतो. मेलेल्यांच्या अंगणात इतक्या निवांतपणे भाकरी खाणारं गाव दुसरं नसेल.

अशा गावात भुतांच्या गोष्टींना काय तोटा. सिस्टरबाईंकडे तर त्यांचा साठाच होता, पण सांगायची पद्धत केसपेपर वाचल्यासारखी. त्या कबरस्थानाच्या फाटकाशी संध्याकाळच्या सुमाराला टोपी घातलेला एक गोरा सोल्जर उभा असतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वेळ विचारतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. वेळ सांगितली की आपलं घड्याळ बंद पडतं. कॉलेजात असताना आम्ही मुली त्या रस्त्यानं जाताना मनगट ओढणीत लपवायचो. सिस्टरबाईंना यात घाबरण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. "तापाचा पेशंट असणार," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी माणूस वेळ विचारतो गं. किती वाजले, किती वाजले. सांगून टाकावी. तेवढंच त्याला बरं वाटतं." एवढं बोलून त्या फाटकाजवळ थांबल्या, छातीवरचं घड्याळ उचलून पाहिलं आणि समोर कुणीही नसताना वेळ सांगितली. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. त्यांचं घड्याळ काही बंद पडलं नाही. पडलं असतं तर, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं असतं.

दुसरी एक मडम होती, कॉलऱ्यात गेलेली. पांढरा झगा घालून ती रांगांमधून वाकून वाकून काहीतरी शोधत फिरते म्हणतात. लोकांच्या मते ती पुरलेलं सोनं शोधते. यावर सिस्टरबाई वैतागायच्या. तिचं मूल तिच्या थोडेच दिवस आधी गेलं होतं, ते दुसऱ्या रांगेत पुरलं आणि तिला दाखवलं नाही, म्हणून ती शोधते, असं त्यांचं म्हणणं. हे तुम्हाला कुठून कळलं असं विचारलं तर म्हणायच्या, दगडांवर तारखा कोरलेल्या आहेत, वाच की. मी वाचल्या. तारखा होत्या. पण दाखवलं नाही, हे कुठल्याही दगडावर लिहिलेलं नव्हतं.

शहरातल्या एका बागेत हत्तीचीसुद्धा कबर आहे असं सांगतात. ते मी एकदा त्यांना मोठ्या कौतुकानं ऐकवलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हत्तीला दगड मिळाला. माझ्या लेकरांना वीटसुद्धा नाही."

लेकरं म्हणजे मागच्या वॉर्डातली. हे नाव त्यांनीच दिलेलं. दवाखान्यात जी मुलं मेलेली जन्मायची, किंवा तासा-दोन तासांची सोबत करून जायची, ती कबरस्थानाच्या मागच्या कोपऱ्यात पुरली जात. जामखेड, पाथर्डी, शेवगावकडून जीपमध्ये घालून आणलेल्या बायका असायच्या. बापाचा जीव बाईच्या काळजीनं अर्धा झालेला असायचा. म्हाताऱ्या सांगायच्या, आईला दाखवू नका, जीव गुंततो, मग पुढचं मूल राहत नाही. बाप मान डोलवायचा. मग सिस्टरबाई त्या जिवाला वॉर्डातल्या चादरीत गुंडाळून स्वतः घेऊन जायच्या आणि वॉर्डातले मामा खड्डा खणायचे. मूल कुठल्या धर्माचं हे कुणी विचारत नसे. नाव ठेवलेलं नसल्यामुळे दगड नाही, क्रूस नाही, काहीच नाही. त्या कोपऱ्यामागून जो रस्ता जातो, त्याच्या वळणावर नगरचा रिक्षावाला अजूनही एकदा हॉर्न वाजवतो, समोर कुणी नसलं तरी. विचारलं तर म्हणतो, लहान मुलं असतात तिथं. कुणाची मुलं, हे त्याला सांगता येत नाही. त्याला ते त्याच्या आधीच्या रिक्षावाल्यानं सांगितलेलं असतं.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. आई तेव्हा खर्ड्याला माहेरी होती. तिथून तिला नगरला आणेपर्यंत ती तापानं फणफणली होती. मुलगी जन्मली, एकदा रडली आणि थांबली. आईनं ते रडणं ऐकलं. त्यापलीकडे तिला तिच्या लेकीचं काहीही मिळालं नाही. आजीनं 'दाखवू नका' म्हणून सांगितलं. वडिलांनी ऐकलं, आणि मरेपर्यंत त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. मी त्यानंतरची. त्यामुळे आमच्या घरात मी थोरली होते आणि नव्हतेही. मला हाक मारताना आई कधी कधी मध्येच थांबायची, माझ्या मागं दाराकडे बघायची आणि मग माझं नाव घ्यायची. लहानपणी मीही वळून मागं बघायचे. कुणी नसायचं, पण दार मात्र नुकतंच कुणीतरी लोटल्यासारखं वाटायचं.

मी शाळेत असतानाची गोष्ट. सावेडीच्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता आई एकदम थबकली. पलीकडे एक उंच बाई भाजीवाल्याला मेथीवरून झापत होत्या. चेहरा आईनं कधी पाहिलेला नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. तापाच्या ग्लानीत 'मुलगी आहे, मुलगी आहे' म्हणणारा तोच आवाज. आई गर्दीतून गेली, त्यांचा हात धरला, आणि नमस्कार नाही, ओळख नाही, एकदम विचारलं, "माझी कुठं ठेवली?"

दुसरं कुणी असतं तर 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं असतं. सिस्टरबाईंनी फक्त तारीख विचारली. आईनं सांगितली. त्या काही वेळ पिशवीतल्या मेथीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की त्या तारखेला दुपारी चार वाजता कबरस्थानाच्या फाटकाशी या, आणि एकट्या या. आई मला घेऊन गेली. एकटीनं जायचं तिला धैर्य नव्हतं.

मागच्या भिंतीच्या आतल्या अंगाला एक कडुलिंब होता. त्याखाली लहानसा चपटा दगड होता, कुठल्यातरी जुन्या इंग्रजी कबरीचा तुटलेला तुकडा. "ही," सिस्टरबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. आई खाली बसली. ताप आहे का बघतात तसा तिनं दगडावर तळवा ठेवला. मग पदराच्या गाठीतून बाळाच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढून त्यावर ठेवल्या. रडली नाही. तिच्या तोंडावर त्या दिवशी जे होतं त्याला मी समाधानच म्हणेन. घरी आल्यावर तिनं दोन वेळचा स्वयंपाक एकदम केला आणि आम्हाला वाढताना ती गाणं गुणगुणत होती. तसं गुणगुणताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी ती तारीख आणि बांगड्या. माप दर वर्षी वाढत गेलं. मधूनच कधी जावंसं वाटलं तर जाऊ का, असं आईनं एकदा विचारून पाहिलं. सिस्टरबाईंनी साफ नाही म्हटलं. चार ते पाच, आपल्याच तारखेला. वॉर्डात एका वेळी एकच नातेवाईक, हा नियम त्यांनी आईला तिथं, लिंबाखाली, अशा काही कडकपणे सांगितला की आईनं तो दवाखान्याचाच मानून पाळला.

पण दर वर्षी त्या दगडावर आपण न ठेवलेलं काहीतरी सापडायचं. एकदा लाल चेंडू. एकदा उन्हानं रंग उडालेलं लोकरीचं टोपडं. एकदा सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, एकदा शाळेची पाटी. आई घाबरली नाही. तिचं तिनं ठरवून टाकलं की लेक तिथल्या पोरांत खेळते आणि त्यांच्या वस्तू उचलून आणते. उलट तिला काळजी वाटायची की दुसऱ्यांची पोरं हिला मारत तर नसतील. चेंडू पुसून ती परत जिथल्या तिथं ठेवायची. माझी मात्र त्या चेंडूनं झोप उडवली होती. तो मला स्वप्नात जिन्यावरून टप्पे खात खाली येताना दिसायचा. सिस्टरबाईंना विचारलं की त्या वर लिंबाकडे बघायच्या आणि विषय बदलायच्या.

पुढं मला बँकेत नोकरी लागली, स्कूटी आली, आणि सिस्टरबाईंचे गुडघे गेले. मग रविवारी दुपारी त्यांना कबरस्थानात नेणं-आणणं हे माझं काम झालं. ते मी आवडीनं करायचे. कोणत्या साहेबाला काय झालं होतं, कोणती मडम बाळंतरोगानं गेली, सगळं त्या मागच्या सीटवरून सांगायच्या, ब्रेक कसा मारावा हेही सांगायच्या. मात्र त्या वळणावर आलो की माझ्या पाठीवर बोट टोचून गाडी थांबवायला लावायच्या. तिथून पुढं चालत, अनवाणी. नगर लष्कराचं गाव. रणगाडे वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर अधूनमधून त्या रस्त्यानं जातात आणि पायाखालची जमीन हादरते. आत असताना असा ट्रेलर गेला तर सिस्टरबाई ढिम्म. पण रस्त्यावर असताना गेला, तर दोन्ही हातांनी भिंत धरून, डोळे गच्च मिटून त्या उभ्या राहायच्या. ट्रेलर दिसेनासा झाला तरी बराच वेळ त्यांचे हात सुटायचे नाहीत.

एका दुपारी आम्ही लिंबाखाली बसलो होतो. वांग्याच्या भरताला वांगं चुलीवर भाजलेलं का हवं, यावर त्यांचं व्याख्यान चाललं होतं. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि त्यांनी मान वळवली. वॉर्डात एखाद्या कॉटवरून हाक आली की नर्स वळवते ना, तशी. मला रस्त्यावरच्या गाड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, भिंतीला कान लावला आणि तळव्यानं हळूहळू थोपटू लागल्या. वारा नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं. पण मला आठवतं, त्या थोपटत होत्या तेवढा वेळ रस्त्यावरून एकही गाडी गेली नाही. मग त्या येऊन बसल्या. काय झालं म्हणून मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "कूस बदलली." आणि वांग्याची गोष्ट पुढं चालू झाली. त्यांनी दगड नाही, भिंत थोपटली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. अर्थ लागला नव्हता.

तो लागला त्यांच्या शेवटच्या आजारपणात. चर्चच्या मागं त्यांची एक खोली होती, भाचा येऊनजाऊन बघायचा. त्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, मला वॉर्डात ने. त्यांना उशीवरून मानसुद्धा उचलता येत नव्हती. बरं वाटलं की जाऊ, असं मी म्हणाले. त्या हसल्या. ते वाक्य आयुष्यभर त्यांनी लोकांना ऐकवलेलं होतं.

"त्या दगडाखाली कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मग थांबत थांबत त्यांनी सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्या स्वतःच्या आईच्या आजारपणात रजा काढून गावी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मागचा रस्ता रुंद झाला होता आणि कबरस्थानाची भिंत आत सरकली होती. मागचा वॉर्ड बाहेर राहिला होता. त्यांनी ज्याला-त्याला जाऊन विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, तिथं एकही दगड नव्हता, कबरी आहेत हे कळणार कसं. त्यावर त्यांना बोलता येईना, कारण दगड खरंच नव्हता. मग डांबर पडलं. पुढं एक बाई आली आणि फाटकाशी बसून राहिली, माझं कुठं ठेवलंय म्हणून. रस्त्यावरून एसट्या जात होत्या. तिला तिकडं बोट दाखवून सांगायचं कसं, म्हणून सिस्टरबाईंनी एक तुटका दगड उचलून लिंबाखाली ठेवला आणि म्हणाल्या, हे बघ, इथं.

"एकीला सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग दुसरी आली. मग तुझी आई आली. त्यांना काय सांगू, तुमचं रस्त्यात आहे म्हणून? सकाळपर्यंत बरं वाटेल, असं वॉर्डात आम्ही रोज सांगायचो. मला सवय होती गं."

चेंडू, टोपडं, पाकळ्या, पाटी, सगळं त्या बायकांचं. प्रत्येकीची तारीख वेगळी, म्हणून त्यांची कधी गाठ पडली नाही. लहानपणापासूनची माझी चेंडूची भीती त्या खाटेशी बसल्या बसल्या गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. जी बहीण मागं उभी असेल म्हणून मी जन्मभर वळून बघत आले, तिच्या अंगावरून मी रोज स्कूटी घेऊन बँकेत जात होते.

सिस्टरबाईंनी माझा हात धरला. तो हात अजूनही नाडी बघावी तसाच धरला होता. "मी गेले की मातीला त्या सगळ्या येतील," त्या म्हणाल्या. "एकाच दिवशी. गर्दी होईल. तू बघ."

आठवडाभरात त्या गेल्या. भाच्यानं मोबाईलवर निरोप पाठवला, माती त्याच कबरस्थानात होती. आईनं मातीला जायची तयारी सुरू केली. ऊन आहे, तुझा पाय दुखतो, मी जाऊन येते, असं मी सगळं म्हणून पाहिलं. आई पांढरी साडी नेसतच होती. आत गेल्यावर ती त्या दगडाकडं जाणार आणि तिथं दुसरं कुणीतरी बसलेलं असणार. तिच्या हातातून तिची लेक परत एकदा, न दाखवता, काढून घेतली जाणार. ते तिला परक्याकडून कळू नये एवढंच मला सुचलं. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, मी तिला सांगितलं.

तिनं ओट्याची कड धरली. सिस्टरबाईंना एक शब्द बोल लावला नाही, मलाही नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "रस्त्यात कुठं?" भिंतीच्या पलीकडं, वळणापाशी, असं मी म्हणाले. ती आत गेली आणि कपाटातून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन आली. तारीख लांब होती, पण तिनं त्या आणून ठेवलेल्या होत्या. आता त्या पुऱ्या बाईमाणसाच्या मापाच्या झाल्या होत्या.

प्रार्थना झाली, गाणं झालं, सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली. माणसं पांगली. मी इकडंतिकडं बघत होते. बाकीच्या बायकांना निरोप गेला नसेल, किंवा त्या आता राहिल्या नसतील. आली होती एकच. नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी लिंबाखाली बसून पदरानं दगड पुसत होती. तिच्या शेजारी नवा लाल चेंडू होता. आई थेट तिकडं गेली. मी मागोमाग गेले. म्हातारीनं वर पाहिलं आणि सरकून आईला जागा करून दिली.

"माझा पोरगा हाय हितं," ती म्हणाली. "रडलाच न्हाई बगा. सिस्टरबाईंनी जागा दावली म्हनून, न्हाईतर मी कुठं हुडकला असता. आमी पाथर्डीकडचं. दर साली येती." मग तिनं विचारलं, "तुमचं कोन हाय हितं?"

मी आईकडं पाहिलं. बांगड्यांचा कागद तिनं मुठीत इतका घट्ट धरला होता की तो चुरगळल्याचा आवाज मला आला. मला वाटलं, ही आता सांगणार. सांगायचा तिला हक्क होता. दोघींचं दुःख एक होतं, आणि खरं कळायचा हक्क त्या बाईलाही होताच की.

"माझं कोनी न्हाई," आई म्हणाली. "मी सिस्टरबाईंच्या ओळखीची."

म्हातारीनं मान डोलावली. थोडी जवळ सरकून, कुणाची तरी चहाडी सांगावी तशी ती हळूच म्हणाली, "दर साली हितं बांगड्या असायच्या. पोराच्या जागंवर बांगड्या. सिस्टरबाईंचंच काम असंल. म्हातारपनी कळत नसंल, म्हनायचे मी. पन फेकल्या न्हाईत कदी. नीट ठिवून द्यायचे. म्हनलं, असंल एकादी बहीन."

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तसाच बराच वेळ ठेवला. मग ती उठली आणि मला म्हणाली, चल.

फाटकाबाहेर आल्यावर ती घराकडं वळली नाही. भिंतीच्या कडेनं वळणापर्यंत चालत गेली. रस्ता वाहत होता, शुगर फॅक्टरीचे ट्रॅक्टर, टेम्पो, एसट्या. आई डांबराकडं बघत उभी राहिली. मला वाटलं आता तरी ती रडेल, आणि खरं म्हणजे मलाच रडायचं होतं. पण ती इकडून तिकडं नजर फिरवत होती. नव्या घरात आलेली बाई भिंती कुठं, दार कुठं ते बघते ना, तशी. शेवटी भिंतीच्या तळाशी, गवतात, तिनं बांगड्या ठेवल्या.

आता दर वर्षी त्या तारखेला आम्ही कबरस्थानात जात नाही. पाथर्डीच्या म्हातारीची जागा तिचीच आहे. आम्ही भिंतीबाहेर, वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला उभ्या राहतो. आईचं वय झालं, पण ती बसत नाही. म्हातारी बाई उन्हात अशी उभी दिसली की रिक्षावाले थांबतात, मान बाहेर काढून विचारतात, मावशी, कुठं सोडू?

"कुठं न्हाई, बाबा," आई म्हणते. "हितंच आलेय."